ओव्हाळ सरांची धडधड

वडवणीच्या शाळेत मी हिंदीचा शिक्षक म्हणून रुजू झालो, त्या दिवशी गणिताच्या ओव्हाळ सरांचा चेहरा मला बराच वेळ दिसलाच नाही. तो बादलीत होता.

शिक्षकांच्या खोलीच्या कोपऱ्यात पाण्याने भरलेली बादली आणि तिच्यापुढे गुडघे टेकून बसलेला एक पन्नाशीकडे झुकलेला माणूस, कानांपर्यंत पाण्यात. शेजारी शिपाई त्यांचा चष्मा हातात धरून उभा. मी दचकून म्हणालो, "अहो, ते गृहस्थ..." तर मुख्याध्यापक माझे कागद चाळता चाळता म्हणाले, "बसा शेख सर. त्यांचं होईल आता."

आणि झालंही. ओव्हाळ सरांनी तोंड वर काढलं, मोठा श्वास घेतला, दोन बोटं गळ्याला लावून क्षणभर डोळे मिटले. मग रुमालाने तोंड पुसलं, चष्मा चढवला आणि मला हात पुढे केला. "नमस्कार. ओव्हाळ. भ्यायचं काम न्हाई." एवढं बोलून ओल्या कॉलरीनिशी नववीच्या वर्गावर निघून गेले.

हे 'भ्यायचं काम न्हाई' ते दिवसातून कितीतरी वेळा म्हणत. आधी मला वाटलं, समोरच्याला धीर देतात. मग कळलं की ते स्वतःलाच सांगत असतात, आपण फक्त मध्ये उभे असतो.

योगायोगानं आम्ही शेजारीही झालो. मधे एक भिंत आणि भिंतीवर दोन्ही घरांची वाळवणं. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी, माझी नसीम, दोघींची लगेच गट्टी जमली. वहिनींकडूनच सगळा उलगडा झाला. सरांना धडधड होते. साधी नाही. बसल्याजागी, हसता हसता, भाकरीचा तुकडा मोडता मोडता, कुणीतरी बटण दाबावं तशी अचानक सुरू होते आणि काळीज नुसतं पळत सुटतं. कधी थोडा वेळ, कधी बराच वेळ. मग जशी आली तशीच, बटण बंद केल्यासारखी जाते.

"अन् बादली?" मी विचारलं.

"ते कपिलधारचं हाय," वहिनी म्हणाल्या.

झालं होतं असं, की शाळेची सहल कपिलधारला गेली होती. पायऱ्या उतरताना सरांना धडधड सुरू झाली. घाबरून ते सरळ धबधब्याखाली जाऊन उभे राहिले. थंडगार पाण्याची धार तोंडावर बसली आणि काळीज गप्प झालं. बरोबरच्या मास्तरांनी देवाला हात जोडले. सर म्हणाले, "देवाला कावून तरास देता? पाण्याचं काम हाय ते." आणि तेव्हापासून बादली. पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं की थंड पाण्यात तोंड घातलं की काही जणांची अशी धडधड खरंच थांबते. त्या दिवशी सरांनी घरात तीन-तीनदा सांगितलं, "बघा, मी म्हणलो न्हवतो?"

शाळेतल्या पोरांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांची समजूत अशी, की आपण गोंधळ घातला की सरांचं डोकं तापतं आणि ते विझवावं लागतं. सर फळ्याकडून वळून नुसते बादलीच्या दिशेनं दोन पावलं चालले, तरी अख्खा वर्ग चिडीचूप होई. सरांनी हा गैरसमज कधी दूर केला नाही.

पण हा सगळा वरवरचा विनोद होता. आत भीती होती, आणि ती फार मोठी होती.

सर कुठेही एकटे जात नसत. बाजारात जायचं तर भिंतीवरून हाक, "शेख साहेब, येता का? कोथिंबीर आणायचीय." कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी दोन पदवीधर निघायचे. लग्नाची पत्रिका आली की ते मुहूर्त वाचत नसत, विचारत, "तिथं दवाखाना हाय का?" मुलीसाठी एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा नोकरीला, माणसं सालस. सरांनी पाव्हण्यांना पहिलाच प्रश्न केला, "तुमच्या गावापासून ईसीजीची मशीन किती लांब हाय?" पाव्हणे चहा अर्धा टाकून उठले. वाटलं असेल, मुलीलाच काहीतरी आजार आहे. पुढे तिचं लग्न झालं ते नांदेडला, आणि नांदेडला दवाखाने भरपूर आहेत यावर सरांचं तिथल्या पाव्हण्यांपेक्षा जास्त प्रेम होतं.

उपाय सुचवणाऱ्यांची कमी नव्हती. गल्लीतल्या एका आजीचं म्हणणं, करणी आहे. सर खवळायचे. "आमच्या घरात बुद्ध हाय, बाबासाहेब हायेत. करणीला जागाच कुठंय?" माझी अम्मी आली की दुआ पढून पाण्यावर फुंकर मारायची आणि पेला पुढे करायची. तो मात्र सर दोन्ही हातांनी घेत. "अम्मी, थंड हाय ना?" एवढंच विचारत आणि गटागटा पिऊन टाकत.

डॉक्टरांचं म्हणणं वेगळंच होतं. एक म्हणाले गॅस. दुसरे म्हणाले ॲसिडिटी. तिसऱ्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "मास्तर, टेन्शन घेणं सोडा." कारण काय, तर सर दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड निघून गेलेली असे. ईसीजीचा कागद बाहेर यायचा तो अगदी सरळ, शहाणा.

एकदा संध्याकाळी मीच त्यांना माझ्या गाडीतून बीडला घेऊन निघालो. त्या दिवशी बादलीनंही गुण दिला नव्हता. सर माझ्या शेजारी बसले होते. मी तिरक्या नजरेनं पाहिलं तर त्यांचा गळा बेडकाच्या गळ्यासारखा फडफडत होता. शर्टाचं वरचं बटण हलताना दिसत होतं. दोन्ही बाजूंना कापसाची रानं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि माझ्या मनात एकच: हा माणूस आत्ता इथं गेला तर मी काय करू? गाडी थांबवू, की पळवू? वहिनींना काय सांगू?

"शेख साहेब," ते हळूच म्हणाले, "बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काय बी. हिंदीचं व्याकरण सांगा."

मी लिंग, वचन, कारक सांगत गाडी हाणली. बीडच्या दवाखान्याच्या फाटकात गाडी वळली आणि सर एकदम सैल पडले. "गेली," म्हणाले.

"आलोय तर दाखवून घेऊ."

"काय दाखवू? गेलेली?"

तरी दाखवलं. डॉक्टरांनी कागद पाहिला, "एकदम नॉर्मल आहे, अभिनंदन," म्हणाले. सर बाहेरच्या बाकावर येऊन बसले आणि रडायला लागले. नॉर्मल हा शब्द ऐकून रडलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला.

"दुखलं असतं तर सोसलं असतं हो," ते म्हणाले. "दुखणं दाखवता येतं, इथं दुखतंय म्हणता येतं. हे नुसतं भ्या हाय. दर वेळी वाटतं, ही शेवटची. अन् गेली की लोक असे बघतेत, जसं काय मी सोंग केलं."

मग निवडणूक आली. आमचं प्रशिक्षण बीडला एका मोठ्या सभागृहात होतं. मंचावर एक अधिकारी मतदान यंत्र समजावून सांगत होते. सर माझ्या शेजारी बसून लक्षपूर्वक ऐकत होते आणि एकदम त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. मला कळलं. बादली नव्हती. सर उठले, पिण्याच्या पाण्याच्या जारपाशी गेले, चष्मा माझ्याकडे दिला आणि नळाखाली डोकं धरलं.

मंचावरून आवाज आला, "ओ सर! ड्यूटी रद्द होणार नाही! इलेक्शन आलं की सगळ्या मास्तरांची काळजं बिघडतात!"

सभागृह हसलं. सरही थोडं हसले असते, पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते. थंड पाणी मानेवरून वाहत होतं आणि धडधड थांबत नव्हती. ते जमिनीवर बसले. "अंधारी येतेय," म्हणाले.

मी आणि आमच्या शाळेचे आणखी एक शिक्षक, दोघांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं. दवाखाना जवळच होता. फाटकापाशी आल्यावर मी घाबरत घाबरत विचारलं, "गेली का?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला वाटत होतं की जाऊ नये.

"हाय," सर म्हणाले. "हाय अजून."

त्यांना पलंगावर घेतलं, वायरी लावल्या. तरुण डॉक्टर होते. मशीनमधून कागद सरकत बाहेर आला, आणि त्यावर रेघा इतक्या दाट की कंगव्याचे दात वाटावेत. डॉक्टरांचे डोळे चमकले. "सापडलं," ते म्हणाले. "एसव्हीटी आहे ही. गॅस नाही, मनाचा खेळ नाही. तुमच्या हृदयाच्या विजेत बिघाड आहे."

घामानं न्हालेले सर पडल्या पडल्या म्हणाले, "त्याची झेरॉक्स काढा."

डॉक्टर म्हणाले, "आता एक इंजेक्शन देतो. क्षणभर फार वाईट वाटेल, छातीवर कुणी बसल्यासारखं. जीव घाबरेल. पण लगेच जाईल." मला बाहेर जायला सांगितलं, पण सरांनी माझा हात सोडला नाही, म्हणून मी तिथंच राहिलो. राहायला नको होतं. इंजेक्शन गेलं. सरांचे डोळे मोठे झाले, तोंड उघडं पडलं. मी समोरच्या पडद्याकडे पाहिलं. दाट रेघा थांबल्या, आणि पडद्यावर नुसती सपाट रेघ धावायला लागली. डॉक्टर शांत होते. सिस्टर शांत होत्या. माझ्या हातातला हात ढिला पडल्यासारखा वाटला. मी मनात कलमा म्हणायला लागलो, माझ्यासाठी की त्यांच्यासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग रेघेवर एक उंचवटा आला. थांबून दुसरा. मग तिसरा, चौथा, रांगेत, शिस्तीनं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "शेख साहेब," म्हणाले, "मी गेलतो. खरंच गेलतो."

तो ईसीजीचा कागद सरांनी लॅमिनेट करून घेतला. गॅसवाल्या डॉक्टरला दाखवला, झोपेच्या गोळ्यावाल्याला दाखवला, मुख्याध्यापकांना दाखवला. आजार ते असा समजावून सांगत: "काळीज चालतं करंटवर. माझ्या काळजात जन्मापासून कुणीतरी आकडा टाकून ठेवलाय. मधूनच करंट त्या चोरवाटेनं जातो अन् गोल गोल फिरत बसतो." आमच्याकडे वीज चोरायला तारेवर आकडा टाकणं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ऐकणारे माना डोलवायचे.

पण उपचाराचं नाव काढलं की सर विषय बदलत. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले होते: रोज गोळ्या घेत राहा, किंवा पुण्याला जाऊन मांडीच्या शिरेतून तार काळजापर्यंत नेऊन ती चोरवाट जाळून टाका. सरांचा मुलगा पुण्यातच नोकरीला होता, सगळी सोय होती. सर गोळ्या घेऊ लागले. गोळ्यांनी धडधड कमी झाली, गेली नाही.

"जाळणार म्हणले ते, शेख साहेब. काळजात!"

"बारीकसा ठिपका असतो म्हणतात."

"ठिपका बारीक हाय, पण काळीज माझं हाय. शेकड्यात एखाद्याची खरी तार जळते, मग ठोके द्यायची मशीन छातीत बसवावी लागते. वर्गात मी पोरांना शिकवतो, शंभरातला एक म्हणजे कमी. पण तो एक मी असलो तर?"

मी त्यांना रात्रीच्या गोळीची आठवण केली.

मग मुलाला मुलगा झाला. नामकरण वडवणीतच ठेवलं. बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं, बाळ या हातातून त्या हातात फिरायला लागलं. नसीमनं घेतलं, मी घेतलं. सर भिंतीला टेकून बसले होते, दोन्ही हात पाठीमागे. सून बाळ घेऊन त्यांच्यापुढे गेली. "बाबा, घ्या ना." सर म्हणाले, "असू दे. झोपू दे त्याला." बाळ टक्क जागं होतं. सुनेचा चेहरा उतरला. पाव्हण्यांत कुजबुज झाली, आजोबांना काही आवडलेलं दिसत नाही.

पाव्हणे गेल्यावर सर आमच्या मधल्या भिंतीपाशी आले. "तुमाला बी तसंच वाटलं का?"

"मला काही वाटलं नाही."

"हातात घेतलं अन् तेवढ्यात सुरू झाली तर? अंधारी येते मला. सुटलं हातातून तर?" ते भिंतीवरच्या कुरडया उगाच सारख्या करत राहिले. मग म्हणाले, "पुण्याची सकाळची गाडी कधी असते?"

मीही बरोबर गेलो. न्यायला आलेल्या वॉर्डबॉयला सर म्हणाले, "भ्यायचं काम न्हाई." तो बिचारा म्हणाला, "नाही काका, मी रोज येतो इथं." आत काय झालं ते मला सरांनीच नंतर सांगितलं. भूल फक्त मांडीला, बाकी ते जागे. थंडगार खोली. क्ष-किरणांसाठी जाडजूड कोट घातलेले डॉक्टर पायांकडे, बाकीची माणसं काचेमागे, यांच्या उशाशी कुणी नाही. आणि मग डॉक्टर म्हणाले, आता आम्ही तुमची धडधड मुद्दाम सुरू करणार.

"आयुष्यभर जिला चुकवत आलो," सर सांगत होते, "तिला हे लोक हाका मारून बोलवत होते. अन् आली की हो! तशीच. मी म्हणलो, कुणी माझा हात धरता का? एक सिस्टर आली काचेमागून. केरळची होती. तिला माझं बोलणं कळंना, मला तिचं. पण धरला तिनं हात."

ठिपका जाळला. मग डॉक्टरांनी पुन्हा धडधडीला बोलावलं. आली नाही. पुन्हा बोलावलं. आली नाही. "आता ती येणार नाही, काका," डॉक्टर म्हणाले. सर म्हणाले, "आणखी एकदा बघा." त्यांनी बघितलं.

दोन दिवसांनी मुलाच्या घरी सर पलंगावर मांडी घालून बसले आणि सुनेला म्हणाले, "आण त्याला." बाळ मांडीवर आलं. सर हललेच नाहीत. बाळानं मांडी ओली केली तरी हलले नाहीत.

धडधड खरंच परत आली नाही. शाळेतली बादली झाडांना पाणी घालायला गेली. सर बाजारात एकटे जाऊ लागले, तेलगावला भाच्याच्या साखरपुड्याला एकटे एसटीनं जाऊन आले, आणि कुणालाही दवाखान्याचं विचारलं नाही. भिंतीवरून हाका येणं थांबलं. आम्हा सगळ्यांना फार बरं वाटलं. सून पुन्हा कामावर रुजू होणार होती, बाळाला सांभाळायला घरचं माणूस हवं होतं. वहिनी इतकी वर्षं सरांना सोडून माहेरीसुद्धा राहिल्या नव्हत्या. आता सरांचं काही अडत नव्हतं. त्या पुण्याला गेल्या. सरांची नोकरी अजून शिल्लक होती, ते वडवणीतच राहिले.

परवा दिवे लागायच्या सुमाराला नसीम आतून म्हणाली, "सर आलेत." मी बाहेर आलो. सर दारात उभे होते, आत येत नव्हते.

"जरा धडधडल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले.

ती बीडची सपाट रेघ डोळ्यांपुढून गेली. मी त्यांना ओट्यावर बसवलं, मनगट हातात घेतलं. नाडी लागली. मी गळ्याकडे पाहिलं, पुन्हा मनगटाकडे लक्ष दिलं. नाडी चालली होती, एकामागून एक ठोका, संथ, कुठे अडखळ नाही, घाई नाही. इतक्या वर्षांत मला तेवढं कळायला लागलं होतं. सर माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

"वहिनींचा फोन आला होता?" मी विचारलं.

"आलता. बाळ उठलं म्हणून लगेच ठेवला."

मी मनगट सोडलं नाही.

"हाय का?" त्यांनी विचारलं.

"थोडी हाय," मी म्हणालो. "असं बसून राहू नका. चला, जरा चालून येऊ."

मी चपला घातल्या. नसीम आतून म्हणाली, "परत आल्यावर दोघं इथंच जेवा." सर लगबगीनं उठले. बाजारतळ ओलांडून आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. उसाची एक ट्रॉली गेली, तिला वाट देऊन कडेला उभे राहिलो, पुन्हा चालू लागलो. सर बाळाला आलेल्या पहिल्या दाताबद्दल सांगत होते, तो खालचा आहे की वरचा यावरून वहिनींशी फोनवर कसा वाद झाला ते. मी मधूनमधून त्यांचं मनगट धरून बघत होतो. ते बोलणं न थांबवता हात पुढे करत होते.